पिवळ्या छताचं सिंहासन

औरंगाबाद, ता. १८ जानेवारी १९४९

चि. साळूबाई हीस फकिरादादाचा स. सलाम व आशीर्वाद. वि. वि.

प्रभूकृपेनं सर्व क्षेम. ख्रिस्तमंदिराच्या भिंतीवरचं चित्र एकदाचं पुरं झालं. औरंगपुऱ्यात दुकानांच्या पाट्या रंगवणारा तुझा भाऊ वेदीमागं यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेला दृष्टांत काढणार म्हटल्यावर लोक हसले होते. माणूस, सिंह, बैल, गरुड अशा चार तोंडांचे प्राणी, डोळ्यांनी भरलेली चाकं, इंद्रधनुष्य, सगळं जमलं. नीलमण्याच्या सिंहासनाशी मात्र महिनाभर अडलो. देवाचं वैभव दाखवायचं कसं? थोरामोठ्याचं आसन मी जन्मात एकदाच पाहिलं, लहानपणी बाबांच्या खांद्यावरून, निजाम सरकारच्या दरबारी मांडवात. पिवळं मखमली छत, सोनेरी झालर. प्रार्थनेला डोळे मिटले की मला तेच दिसत आलंय, म्हणून तेच काढलं. तीस तारखेला पडदा निघेल. नक्की ये.

तुझा दादा,
फकिरा

वैजापूर, ता. २६ जानेवारी

ती. फकिरादादास साळूबाईचा सा. सलाम. वि. वि.

पत्र पावलं. तुझ्या बैलाचं तोंड धाकट्या मामांसारखं झालं असेल तर आधीच कळव, म्हणजे हसू आवरून येते.

थट्टा राहू दे. पिवळं छत वाचून लगेच लिहायला बसले. पोलीस ॲक्शनला अजून पाच महिनेही झाले नाहीत. पहिल्या बाकावर मनकर्णाबाई बसतात. त्यांच्या एकुलत्या एका मुलाला रझाकारांनी नेलं ते निजामाच्या पिवळ्या झेंड्याखालीच. तुला कसं सुचलं नाही? पडदा निघायच्या आत छत बदल.

तुझी,
साळू

औरंगाबाद, ता. ४ फेब्रुवारी

चि. साळूबाई हीस स. सलाम. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी आलं, एक दिवस उशिरा. पडदा निघाला तेव्हा सगळे वाहवा करत होते. मनकर्णाबाईंनी एकदा वर पाहिलं आणि भर उपासनेतून निघून गेल्या. रागावल्या असत्या तर मी पाय धरले असते.

कारण कळल्यावर मंडळीच्या पंचांनी भिंतीला चुना द्यायचं ठरवलं. काम मीच मागून घेतलं. तीन हात दिले तरी चाकांवरचे डोळे वर येत होते, चौथ्याला बुजले. त्या माउलीच्या मुलाला नेणाऱ्यांचं छत मी देवाच्या डोक्यावर धरलं, साळू, आणि त्याला भक्ती म्हटलं. लाज वाटते.

फकिरा

वैजापूर, ता. ८ फेब्रुवारी

ती. दादास सा. सलाम. वि. वि.

तू मुद्दाम केलं नाहीस. पाळकसाहेबांना विचारून दुसरं सिंहासन काढ. त्या संदेष्ट्याला तरी कुठं नेमकं सांगता आलं? अमक्यासारखं, तमक्यासारखं, असंच त्यानं लिहिलंय. जेवत जा.

साळू

औरंगाबाद, ता. २१ फेब्रुवारी

चि. साळूबाई हीस स. सलाम. वि. वि.

पाळकसाहेब हो म्हणाले. आठवडाभर कोळसा घेऊन भिंतीपुढं उभा राहिलो. खुर्ची काढली की ती शाळेतली होते, पाट काढला की स्वयंपाकघरातला. डोळे मिटले तर नुसता चुना दिसतो. जेवणाआधीची प्रार्थना सुरू करतो आणि मध्येच थांबतो. कुणाशी बोलतोय तेच कळत नाही.

काल मनकर्णाबाई परत आल्या. मी माफी मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कोऱ्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, की आता असंच राहू दे, माझ्या लेकाला नेलं तेव्हाही त्या आसनावर कुणी नव्हतंच. मी दोन्हीला हो म्हणालो.

हे वाचूनही या भावावरची माया आटू देऊ नकोस.

फकिरा