आईचे एकशे त्रेचाळीस शब्द

फ्रेंच भाषा मला किती महागात पडली, ते आधी लिहितो. सतरा वर्षे एकाच वर्गाच्या खिडकीखाली झाडू मारला, कारण तेथे आतले शिकवणे स्वच्छ ऐकू येई. एक गुडघा गेला. धाकट्या चुलत बहिणीच्या लग्नाला जाता आले नाही. त्या दिवशी माझी तोंडी परीक्षा होती. एवढे देऊन मिळालेल्या भाषेत आजवर बाजारात मला कोणी हाक मारलेली नाही.

मी, आम्बाकिस्ये म्वाकालोबो, वय बहात्तर, राहणार तुकुयूच्या वरच्या अंगाला, मिशनच्या भाषाशाळेचा झाडूवाला आणि तीच शाळा पुढे छोटे विद्यापीठ झाल्यावर तेथील भाषाशास्त्राचा शिक्षक, या डोंगरावर लहानथोरांत ‘प्रोफेसर’ म्हणून ओळखला जाणारा, शुद्धीवर असताना हे लिहून ठेवतो. कोणाची जबरदस्ती नाही. उलट घरचे म्हणतात, लिहू नका, आराम करा. आराम पुढे भरपूर आहे.

१. विटांचे घर, मागची केळीची बाग आणि गाय माझी पत्नी सुबिलागा हिला. बँकेत जे निघेल तेही तिचेच. भांडण व्हावे इतके ते नाही. मुलगा ग्वामाका दारेसलामला असतो. घर विकण्याचा विषय त्याने काढू नये. तिने काढला तर विकावे.

२. माझा जुना झाडू, दांड्यासह, विभागप्रमुख म्वाइसुमो यांस. एका समारंभात त्यांनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली होती: “हे आमचे झाडूवाले, आता चार भाषा झाडतात.” सगळे हसले, मीही हसलो. विनोद चांगला होता, म्हणूनच इतकी वर्षे डोक्यातून गेला नाही. झाडू त्यांनी खोलीत दिसेल असा ठेवावा.

३. टेपरेकॉर्डर, हेडफोन, बासष्ट कॅसेटी आणि मी केलेल्या आमच्या भाषेच्या कोशाचे सर्व हक्क बुपे म्वांबेने हिला. ती माझी विद्यार्थिनी. क्येलाच्या माध्यमिक शाळेत शिकवते. पदवी नाही म्हणून तेरा वर्षे हंगामीच आहे. पदवी का नाही, ते लिहिणे भाग आहे.

आमच्याकडे सून सासऱ्याचे नाव घेत नाही. त्या नावाशी मिळताजुळता जो जो शब्द असेल, तोही तिला वर्ज्य. त्याच्या जागी ती दुसरा वापरते, आणि चांगली सून जन्मभर वापरते. माझ्या आजोबांचे, म्हणजे आईच्या सासऱ्यांचे, नाव असे होते की त्यात पाणी, चूल, चालणे, झोपणे, सगळेच सापडले. नाव येथे लिहीत नाही. आई गेली, तरी हात धजत नाही.

चौदा वर्षांचा होईतो मी आणि आई चहाच्या मळ्यावर राहिलो. मजूर दहा ठिकाणचे, सगळे स्वाहिली बोलत. आमची भाषा मी तिच्या एकटीच्या तोंडून ऐकली. मिशनच्या वसतिगृहातही पुढे स्वाहिलीच. कोशाचे चार हजार शब्द मी तिच्याकडूनच घेतले. मग १९९४ साली गावातले चाळीस म्हातारे जमवले, साखर वाटली, एकेक शब्द वाचून विचारले, “बरोबर?” सगळे म्हणाले, “बरोबर.” चाळीस जणांनी तपासलेला कोश, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. आई त्या दिवशी माझ्या शेजारी बसली होती, हे सांगत नसे. त्यात सांगण्यासारखे काही आहे असे वाटले नव्हते. तिच्या देखत तिला वर्ज्य असलेला शब्द कोण तोंडातून काढणार होते?

२००६ साली बुपेने प्रबंध आणला. अकरा घरांतल्या सुनांशी ती शेतात, एकेकीशी एकटीने बोलली होती. माझ्या कोशातले एकशे त्रेचाळीस शब्द एकाच घरच्या सुनेचे आहेत, असे तिने दाखवले होते.

मी म्हणालो, “पोरी, तू माझ्या आईला खोटं पाडतेस.”

“नाही सर. त्या फार चांगल्या सून होत्या, एवढंच म्हणते.”

“मग माझे कान काय भाड्याने आणलेत?”

“कानांचं काही चुकलं नाही सर. जे ऐकलंत ते अगदी अचूक उतरवलंत.”

मी तिला नापास केले. शेरा लिहिला: अभ्यास अपुरा. लिहिण्याआधी दोन कॅसेटी पुन्हा ऐकल्या होत्या. ती बरोबर होती, हे मला शेरा लिहितानाच ठाऊक होते.

गेल्या वर्षी म्वाइसुमोंकडे गेलो. ते म्हणाले, “परीक्षकाने लेखी कबूल केलं तर फाइल उघडता येईल. तोंडी नको. तुमचं तोंडी आम्ही खूप ऐकलंय.” तीनदा पत्र लिहिले, तीनदा फाडले. सुबिलागा म्हणाली, “फाडा. झाडायला तुम्हीच आहात.”

म्हणून हे तिसरे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता, सही होताच विभागात पोचवावे. हीच माझी लेखी कबुली. प्रबंध बरोबर आहे, परीक्षक चुकला, आणि जाणूनबुजून चुकला. झाडूचे कलम त्यासोबत पाठवू नये. तो मी गेल्यावर.

कोश बुपेने दुरुस्त करावा आणि वर स्वतःचे नाव घालावे. आईचे शब्द टाकून देऊ नयेत. मागे वेगळी पाने करावीत, आणि त्यावर तिचे नाव लिहावे: तुपोकिग्वे.

४. माझ्या अंत्यविधीला फ्रेंचमध्ये कोणी बोलू नये. थडग्यावर ‘येथे झोपला आहे’ असे लिहिणार असाल, तर झोपण्याला आईचा शब्द लिहावा.

हे सर्व शेजारी आसुकिले यांना वाचून दाखवले. त्या चाळिसांतले ते एकटेच उरले आहेत.

ते म्हणाले, “हे तुला आत्ता कळलं?”

“तेरा वर्षं झाली.”

“बरं. आम्हाला पहिल्याच पानावर कळलं होतं. साखर मात्र चांगली होती.”

सही: आम्बाकिस्ये म्वाकालोबो
तुकुयू, दि. ९ ऑगस्ट २०१९

साक्षीदार: रोदा म्वाकिबेते, नर्स. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार: आसुकिले म्वांगोका, शेतकरी. माझ्यासमोर सही केली. सही करणाऱ्याला मी अठ्ठावन्न वर्षे ओळखतो. वर ‘प्रोफेसर’ लिहिले आहे, पण गावात त्यांना तसे कोणी म्हणत नाही. १९९४ पासून सूनबाई म्हणतात.