तलावाच्या पाळीवरची मोहफुलं

१९ मार्च
आज जाळ्या बांधल्या. मोहाच्या झाडाखाली हिरव्या जाळ्या, चारी कोपऱ्याला बांबू! जन्म गेला मोहफुलं वेचण्यात, पण झाडाखाली मांडव पहिल्यांदा पाहिला. म्हटलं, लगन कोणाचं हाय? नीतू हसली नाही. ऑर्डर आल्यापासून आमची सून हसणंच विसरली.

ऑर्डर जर्मनीची. तिकडं सुकी मोहफुलं मनुक्यासारखी खातात म्हणे, सरबतही करतात. नागपूरच्या कंपनीची रीता मॅडम सांगून गेली — फूल जमिनीला लागलेलं चालणार नाही. आपण झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करतो, तर फुलाला राख लागते, धुराचा वास येतो. म्हणून जाळ्या. तलावाच्या बांधावरच्या, पाळीवरच्या सगळ्या झाडांना बांधल्या. एवढी माती नको तर झाडं आभाळात लावा म्हणावं.

२१ मार्च
कंबर दुखली नाही. खोटं कायले लिहू? जाळी हलवली की फुलं घरंगळत मधात येतात. टपोरी, रसाळ, एक खडा नाही.

२२ मार्च
नीतूच्या बचत गटाला गावातले पुरुष ‘दारूवाल्या’ म्हणतात. मोह म्हटला की यांना बाटलीच दिसते. आज एकानं तिला विचारलं, वहिनी, जर्मनीले किती बाटल्या धाडून राहिल्या? मी मागंच होती. म्हटलं, तुया पोटात जातात त्याच्यापेक्षा कमीच.

नीतूला लागलं. दाखवत नाही. ही ऑर्डर पुरी भरली तर पुढच्या वर्षी तिकडच्या मोठ्या मेळ्यात गटाचा माल मांडणार आणि संगती नीतू जाणार. नाही भरली तर दुसरा गट. बाई गोंदियाच्या पलीकडं दोनदा गेली असेल. आता आरशापुढं उभी राहून ‘नमस्ते, माय नेम इज’ करते. मलाही कुठं कुठं गप बसता येतं.

२४ मार्च
सावित्रीबाई आली. टोपली रिकामी. गावाबाहेरच्या वस्तीत, टोल्यावर, एकटीच राहते ती. पाळीवरची तलावाकडची तीन झाडं तिची सासू वेचायची, मग ती. कागद नाही, पण त्या झाडाखाली दुसरं कोणी गेलं नाही. आपल्याकडं रीत आहे — खाली पडलं ते वेचणाऱ्याचं. पण जाळीत पडलेलं कोणाचं? त्याची रीत कोणी केलीच नाही!

ग्रामसभेत पाळ गटाला दिली, तेव्हा ती लेकीच्या बाळंतपणाला अर्जुनीला गेली होती. परत आली तर झाडाखाली आमची जाळी. मोहावर तिचं वर्षाचं तेलमीठ चालतं.

भांडली नाही. एवढंच म्हणाली, “धुरपताबाई, औंदा फुलं पडाचीच बंद झाली ना वो.”

चहा पाजला. दुसरं काय पाजू?

२५ मार्च
नीतूला म्हटलं, तिची तीन झाडं सोड. ती म्हणाली, आई, त्या तीन झाडांशिवाय माल पुरत नाही. त्यांना गटात या म्हणा, सगळ्यांसारखा वाटा मिळेल. बरोबर बोलली. सावित्रीबाईला सांगितलं, तर म्हणते मायी सासू कोण्या गटात होती? तीही बरोबर बोलली. दोघी चुकीच्या असत्या तर बरं होतं, दोघींना झाडलं असतं.

२८ मार्च
मोह आता थोड्या दिवसांचा. सावित्रीबाई रोज पाळीवर येते, जाळीखाली पाहते, जाते.

३० मार्च
पाडवा. सकाळीच रीता मॅडम आली. संगती विक्की नावाचा फोटोवाला. पाकिटावर चित्र पाहिजे म्हणे — म्हातारी बाई झाडाखाली बसून फुलं वेचते असं. जमिनीवरून! ज्या मातीपायी एवढा मांडव, तीच माती चित्रात पाहिजे.

मला बसा म्हणाले. म्हटलं, मायं तोंड पाहून तिकडं कोणी घास घेणार नाही, सावित्रीबाईले बोलवा. आली. ठेवणीतलं लुगडं नेसून.

तिच्याच झाडाची जाळी बाजूला केली. गटातल्या बायांनी सकाळची दोन शिगोशीग टोपल्या फुलं खाली पसरली. विक्की म्हणे, अम्माजी, थोडा झुक के, हां, ऐसे ही. ती वेचू लागली. फोटो झाले. तो म्हणाला, हो गया. तिचे हात थांबले नाहीत. एक टोपली भरली, दुसरी भरली. उरलेली पदरात घेतली. एक टोपली डोक्यावर, एक कमरेवर.

मॅडम म्हणाली, आजी, तो ऑर्डरचा माल आहे.

“खाली पडलं होतं ना बाई,” सावित्रीबाई म्हणाली. आणि चालू लागली.

कोणी अडवलं नाही. रीत सगळ्यांना ठाऊक. मॅडम एकेकीच्या तोंडाकडं पाहत राहिली, बाया तलावाकडं. मला हसू फुटलं. मग नीतूकडं पाहिलं आणि जिरलं.

३१ मार्च
नीतू दिवसभर कामात. फुलं सुकायला घातली, पालटली, कोंबड्या हाकलल्या. जेवायला वाढताना म्हणाली, “आई, त्या काल खरंच वेचत होत्या. नाटक आपलंच होतं.”

मी भात मागितला. अशा वेळी मधात बोललं की माणूस फिरतो.

१ एप्रिल
नीतूनं मॅडमला फोन केला — माल कमी येईल. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं, ही फक्त हो म्हणत होती. मग आम्ही पाळीवर गेलो. तीन झाडांच्या गाठी मी सोडल्या. बांबू तिनं उपटले.