भोंगा वाजेपर्यंत

प्रिय ओम,

कूलरसमोर बसून आपण बोलायचो, ते आठवतं का? मे महिन्याच्या दुपारी त्या पत्र्याच्या कूलरमध्ये बादलीने पाणी ओतायचं, ओल्या वाळ्याचा वास सुटला की जाळीला तोंड लावून मोठ्याने 'आ' करायचं, आणि आवाज थरथरत परत आला की हसत सुटायचं. पाणी ओतायची पाळी एक दिवस तुझी, एक दिवस माझी, असं आईने ठरवून दिलं होतं. तुझ्या पाळीच्या दिवशी तुझं गणित नेमकं अडायचं आणि मी ओतायची. त्याचं तेव्हा काही वाटत नव्हतं. त्या गार हवेत तुझ्या शेजारी बसण्याचं सुख एवढं होतं की एखादी बादली जास्त उचलली तर काय, असंच मी धरून चालायची.

आई गेल्यावर तू पुस्तकांचा खोका पाठवलास आणि फोनवर म्हणालास की ताई, आता तुझा वेळ जायला हवा. सगळी वाचली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर कोणत्याही पुस्तकाचा सारांश लिहायला लावायच्या, ती सवय काही गेली नाही. पेन्सिल हातात असल्याशिवाय मला अजून वाचता येत नाही. एकात लिहिलं होतं की मोठमोठ्या कचेऱ्यांतली माणसं दिवसाचा बराच वेळ काम करताना दिसण्यातच घालवतात. ते वाचून मी हसले. आपल्या घरात कोणी काम करताना दिसतच नव्हतं, तरी सगळं झालेलं असायचं. दुसऱ्यात होतं की माणसाने नको त्या गोष्टींना नाही म्हणायला शिकावं. समासात मी लिहिलं, मग हो कोणी म्हणायचं? तिसरं पुस्तक म्हणतं की आजचा समाज दमलेला आहे आणि स्वतःच स्वतःच्या मागे छडी घेऊन उभा आहे. हे मात्र मला पटलं. शेजारच्या सिंधूताईंचा मुलगा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. तो पहाटे उठून थंड पाण्याने आंघोळ करतो, भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचतो आणि रात्री ताटावर बसल्या बसल्या झोपतो. सिंधूताई मला म्हणाल्या, तुमच्या भावाचं पुस्तक वाचून माझा पोरगा पार बिघडला. मी तुझी बाजू घेतली. सवयच आहे ती.

तुझं पुस्तक मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. खाऊ पुरवून खावा तसं. नवी साडी नेसून, चहा करून वाचायला बसले, याचं तुला हसू येईल. तिसऱ्या प्रकरणापर्यंत आले आणि आईचं नाव दिसलं. जिजाबाई. छापलेल्या कागदावर तिचं नाव पाहून डोळे भरले, पुढचं काही वेळ वाचताच आलं नाही. वाचलं तेव्हा डोळे आपोआप कोरडे झाले.

तू लिहिलं आहेस की आमची आई ही मी पाहिलेली पहिली मॅनेजर. उन्हाळ्यात सरगुंडे करायला शेजारच्या बायका आपल्या पुढच्या खोलीत जमायच्या, ते तू सगळं अचूक लिहिलंस. एकीने कणीक तिंबायची, दुसरीने लांब वळ्या करायच्या, तिसरीने त्या काडीवर गुंडाळायच्या, चौथीने अलगद सोडवून खाटेवरच्या चादरीवर वाळत घालायच्या. जागेवरून कोणी उठायचं नाही. आणि मग लिहिलंस की गिरणीचा तीनचा भोंगा ही आईची डेडलाइन होती, भोंग्याच्या आत काम संपलंच पाहिजे असा तिचा दंडक होता, आणि त्या दंडकातून तुझी सगळी पद्धत जन्माला आली.

ओम, काम भोंग्याच्या आत संपू नये म्हणून आई धडपडत असायची.

त्या बायकांतल्या पार्वतीबाईंचे यजमान चंपतराव गिरणीत दुसऱ्या पाळीला होते. भोंगा होईपर्यंत ते घरी असायचे, आणि ते घरी असताना पार्वतीबाईंच्या अंगावर काय उठायचं ते गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. बोलायचं कोणीच नाही. सरगुंडे करायला शेजारणीला बोलावलं तर नवऱ्याला नाही म्हणता येत नसे, तो कामाचा मान होता. म्हणून आपल्याकडे सरगुंडे संपता संपत नव्हते. काडीवर गुंडाळायचं काम सर्वांत सावकाश होतं, ते आई नेहमी पार्वतीबाईंना द्यायची. चादर भरत आली की आईला कणीक घट्ट वाटायची, पुन्हा तिंबायला घ्यायची. आपण दोघं पाऊस लागेपर्यंत आमरसात सरगुंडे खात होतो, शाळेच्या डब्यातही तेच असायचे, आणि तू कंटाळून रडायचास. ते का, हे तू कधी विचारलं नाहीस. पार्वतीबाई मध्येच उठायला लागल्या की आई म्हणायची, "बस वं पार्वती, काय घाई हाय तुले? भोंगा तं वाजू दे." तू पलीकडे गणितं सोडवत होतास, तुला फक्त भोंगा ऐकू आला.

हे मी तुला फोन करून सांगितलं होतं. दुखवायला नाही, तुला आवडेल असं वाटलं म्हणून. तू म्हणालास, "ताई, गोष्ट छान आहे गं, पण वाचकाला इतकं नको असतं." त्या रात्री मी पुढची प्रकरणं वाचली.

सातव्या प्रकरणात तू शिस्तीविषयी लिहिलं आहेस. आईला विस्मरणाचा आजार होता त्या सगळ्या वर्षांत तुझी पहाटेची लिहिण्याची वेळ एकदाही चुकली नाही, कारण 'घरी व्यवस्था लावून दिलेली होती'. हे वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित केलं, दुसऱ्या दिवशी रबराने पुसलं, पण कागदावर वळ राहिला आहे. ती व्यवस्था म्हणजे मी, ओम. माझं लग्न झालेलं नव्हतं म्हणून मी मोकळी आहे असं सर्वांनी धरलं, आणि कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी मी सोडली. तू पुण्याहून यायचास तेव्हा आई तुला ओळखायची, मला 'बाई' म्हणायची. तू म्हणायचास, बघ, अजून किती नीट आहे.

दुपार झाली की तिची बोटं पांघरुणावर चालू व्हायची. काडीवर वळी गुंडाळावी तशी. आणि ती मला विचारायची, "भोंगा झाला काय वं?" गिरणी बंद होऊन किती वर्षं लोटली होती. मी म्हणायची, नाही, अजून वेळ आहे. मग तिचा चेहरा निवायचा. पार्वतीबाई तेव्हा रोज बसायला यायच्या, मला स्वयंपाक करू द्यायच्या, आंघोळ करू द्यायच्या. आई त्यांना ओळखायची नाही, पण मनगट घट्ट धरून बसायची, जाऊ द्यायची नाही. त्याही कधी उठल्या नाहीत. तुझ्या कोणत्या प्रकरणात हे बसेल, मला सांगता येत नाही.

परवा तुझ्या ऑफिसातल्या साहिलचा फोन आला. मुलगा गोड बोलतो. मॅडम, रविवारी आम्ही कॅमेरा घेऊन येतोय, पाच बायका अरेंज होतील का, नऊवारीत असल्या तर बेस्ट, म्हणाला. आईच्याच परातीत, आईच्याच काड्यांवर सरगुंडे करून दाखवायचे आणि मी मधे बसून सांगायचं की आईला वेळ वाया घालवलेला चालत नसे. तेवढं वाक्य त्याने लिहूनही पाठवलं आहे. मी विचारलं, सरांना माहीत आहे का? तो म्हणाला, सरांनीच तर लिहिलं.

म्हणून हे पत्र. तुम्ही रविवारी प्रताप नगरला याल तेव्हा घराला कुलूप असेल. पार्वतीबाईंची नात श्वेता कळमेश्वरला कारखान्यांतल्या मुलींसाठी वसतिगृह चालवते. दुसऱ्या पाळीच्या मुली उशिरा परततात, त्यांना दार उघडायला जागं माणूस हवं आहे. जागं राहण्याची मला सवय आहे. पार्वतीबाईही आता तिथेच असतात. घर तुझ्या नावावर आहे, मला त्यातलं काही नको; तू मला तिथे जन्मभर राहू दिलं असतंस हेही मला ठाऊक आहे. आता सामानाचं सांगते. पितळी परात मी पार्वतीबाईंसाठी नेली आहे, ती शोधू नकोस. कूलर सिंधूताईंच्या मुलाला दे, त्याला दुपारची झोप लागू दे. पुस्तकांचा खोका तुझा तुला परत, तुझ्या प्रतीसकट. समासातलं वाचायचं की नाही ते तू ठरव. आईचा चष्मा आणि तुझ्या मुंजीतला तिचा फोटो तुझ्यासाठी कपाटात ठेवला आहे. सरगुंड्यांच्या काड्या तुझ्या लेकीसाठी, भूमिकासाठी. तिला देताना त्या कशासाठी होत्या ते खरं सांग, आणि जमणार नसेल तर तिला कळमेश्वरला माझ्याकडे पाठव. किल्ली सिंधूताईंकडे आहे. त्यांना आईविषयी काही सांगायचं असतं आणि त्या फार सावकाश बोलतात. त्यांचं होईपर्यंत उठू नकोस.

तुझीच,
ताई