यल्ला, खलास!

१६ जानेवारी, शुक्रवार

जिवंत परत आलो, हेच नशीब! इथे कतारला, एशियन टाउनमध्ये जेवून निघालो, तर पलीकडच्या मैदानाच्या गेटवर ही झुंबड — फुकट गाण्यांचा शो. लोखंडी कठडा कोसळला. केशरी टी-शर्टातला एकजण खाली, त्याच्यावर चार, त्यांच्यावर दहा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मोबाइल हातात होताच — सवय! गेटवरचा गार्ड वेड लागल्यासारखा ओरडत होता, "यल्ला! यल्ला! खलास!" म्हणजे चला, सरका, संपलं, आत जागा नाही. ऐकतंय कोण? मग त्याने कमरेचा पट्टा काढला आणि मागच्यांना हाणत सुटला. एकाचा ओठ फाटला. पण त्यामुळेच गर्दी हटली. केशरीवाल्याला ओढून काढला तो त्यानेच, पाणी पाजलं तेही त्यानेच.

चार मिनिटं शूट केलं. मारहाणीचे वीस सेकंद अवधूतला पाठवले. माझा कॉलेजचा रूममेट, हल्ली गावात राजाभाऊंच्या चॅनेलवर बातम्या करतो. त्याला असलंच लागतं.

१८ जानेवारी, रविवार

सकाळपासून गावाकडून मेसेजवर मेसेज. "तू बरा आहेस ना?" काय झालं बघतो, तर चॅनेलवर माझे वीस सेकंद! खाली लाल पट्टी — 'कतारमध्ये हिंदू तरुणांवर हल्ला'. आणि गार्डच्या तोंडी मोठ्या अक्षरांत — 'अल्ला! अल्ला! खलास!'

यल्लाचं अल्ला झालं. आणि गावाकडे खलास करणं म्हणजे जीव घेणं!

अवधूतला फोन केला. "ऐकलं तेच लिहिलं बाबा. राजाभाऊंनी स्वतः बघितलं. दिवसभर चालव म्हणाले." राजाभाऊ चॅनेलचे मालक, आणि पुढच्या महिन्यात नगराध्यक्षपदाचे उमेदवार. परवा निषेध मोर्चा काढतायत म्हणे. मी म्हणालो, पूर्ण व्हिडिओ पाठवतो, तो लाव. तर म्हणाला, "चार मिनिटं कोण बघतं?"

स्वतः टाकावा, तर इथे परवानगीशिवाय कुणाचं शूटिंग करणं गुन्हा. नोकरी जाईल, वर जेल. नाही टाकला.

२० जानेवारी

मोर्चा कसला, शिकार होती ती.

अफशां माझ्या समोरच्या टेबलावर बसते. माझ्याच गावची, शाळेत दोन वर्षं पुढे. अल रय्यानच्या या ऑफिसात माझ्याशी मराठीत भांडणारी ती एकटीच. अकरा वाजता तिच्या भावाने व्हिडिओ पाठवला. तिच्या अब्बांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. गावातल्या निम्म्या घरांवरच्या डिश त्यांनीच बसवलेल्या, आमच्याही. शटर वाकवलं. टीव्ही रस्त्यावर आपटले. अब्बांना कॉलर धरून बाहेर ओढलं आणि डिशच्याच लोखंडी दांड्याने डोक्यात — एक, दोन, तीन! तिसऱ्यानंतर ते हलायचे थांबले. तरी लाथा चालूच. "आता म्हण खलास! म्हण!" दांडा ज्याच्या हातात होता त्याच्याबरोबर मी क्रिकेट खेळलोय.

अफशां किंचाळली नाही. फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "माझे अब्बा आहेत रे हे." जशी काही ओळख करून देत होती.

बाथरूममध्ये जाऊन भिंतीवर मुठी हाणल्या. फरशीवर रक्त सांडलं ते टिश्यूने पुसलं. बोटं सुजलीत, म्हणून आजचं अक्षर असं.

२१ जानेवारी

अब्बा बेशुद्ध. गावात संचारबंदी. भाऊ तिला म्हणतो, येऊ नकोस.

२५ जानेवारी, रविवार

इथे आठवडा रविवारी सुरू होतो. अफशां कामावर आली. "घरी बसून करू काय? तेच तेच बघत बसते." दुपारी एकदम म्हणाली, "स्वानंद, तो मैदानावरचा व्हिडिओ कुणी काढला असेल रे? त्याच्याकडे पूर्ण असेल ना? गार्ड यल्ला म्हणतोय हे आपल्याला कळतं. गावात कुणाला कळणार?"

"असेल कुणीतरी," मी म्हणालो.

थू माझ्यावर!

२८ जानेवारी

अब्बा गेले.

राजाभाऊ चॅनेलवर हात जोडून उभे — "दोन्ही समाजांनी शांतता राखावी." बाजूच्या चौकटीत पुन्हा माझेच वीस सेकंद! मोबाइल भिंतीवर फेकून मारला; काच तडकली, पण चालतोय. अवधूत समोर असता, तर त्याच्या नरड्यावर पाय दिला असता. खरंच दिला असता, डोळे बाहेर येईपर्यंत. हे लिहितोय, आणि लाज वाटत नाहीये.

३० जानेवारी, शुक्रवार

ठरलं. जेल तर जेल! अवधूतला लिहिलं — उद्या दुपारपर्यंत माफी मागून पूर्ण व्हिडिओ दाखवा, नाहीतर मी माझ्या नावानिशी सगळीकडे टाकतो. यल्लाचं अल्ला कुणी केलं, तेही सांगतो. वाचलंय त्याने. उत्तर नाही. पण खूप दिवसांनी जेवण घशाखाली उतरलं.

३१ जानेवारी

उत्तर आलं. एक शब्द लिहिलेला नाही. मैदानावरून त्या वीस सेकंदांबरोबर मीच पाठवलेला व्हॉइस मेसेज मला परत पाठवलाय. अकरा सेकंदांचा.

"अल्ला अल्ला करत खलास करतायत बघ आम्हाला! लाव राजाभाऊंच्या चॅनेलवर!" आणि मग माझं खो-खो हसणं.

विसरलो होतो, असं लिहिणार होतो. नाही. विसरलो नव्हतो. इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.

पूर्ण व्हिडिओ आणि हा आवाज, दोन्ही आत्ता अफशांला पाठवले. तिने उघडलेत.