जखम भरेपर्यंत

वेसावे, अंधेरी
४ नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस नमिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि ओरडून सांगावं तर शेजारच्या खाटेवर आई, म्हणून पत्र. तिच्या आतड्याचं ऑपरेशन नीट झालं, पण पोटावरची जखम पिकली. डॉक्टरांनी वरचे टाके काढून ती उघडी ठेवली आहे. तळापासून भरत यायला हवी, तर जागची हलत नाही. सध्या रोज गॉज भरून ड्रेसिंग होतं. दिपेशदादा म्हणतो, व्हॅक्यूमची मशीन लावा. जखमेत स्पंज ठेवून वरून प्लास्टिक चिकटवतात आणि नळीने आतलं पाणी ओढून घेतात. मला रोजचं ड्रेसिंग बरं वाटतं, निदान जखम डोळ्यांना दिसते. डॉक्टर म्हणाले, मशीनने काहींना लवकर गुण येतो, पण खात्री कुणी देऊ शकत नाही.

मग त्यांनी खाण्याचं विचारलं. आई म्हणाली, सगळं खाते. मावशी, ती पेज आणि लोणचं खाते. माहेरच्या गावदेवीला ती बोलून बसली आहे, जखम भरेपर्यंत मासळी, मटण, अंडं तोंडात घालणार नाही. आणि रिपोर्टात नेमकं प्रोटीनच कमी निघालंय. तू मोठी बहीण, तुझं ती ऐकेल.

तुझा लोभ आहेच. यावेळी त्यातला थोडा राग करून आईकडे पाठव.

तुझी
नमिता

थेरोंडा
९ नोव्हेंबर

चि. नमितास मावशीचे अनेक आशीर्वाद.

तू आणि दिपेश पूर्वी पतंगावरून भांडायचात, आता आईच्या पोटावरून भांडता. मशीन लावा. दादाचं एकदा तरी खरं होऊ दे.

पण दुसरं मला सांगू नकोस. देवीला दिलेला शब्द आपल्या घरात कुणी मोडला नाही, मथुरेला मी मोडायला लावणार नाही. शब्द मोडून जखम चिघळली तर मथुरा मलाच विचारेल, तेव्हा मी काय तोंड दाखवू? डाळी दे, दूध दे, पनीर का काय म्हणतात ते दे. मी रोज दिवा लावते आहे. मशीनचा फार आवाज होतो का, तेही कळव.

सगळ्यांवर माझी माया आहे, दिपेशवर आज जरा जास्त.

मावशी

वेसावे
१६ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न.

मशीन लावली. आवाज करते, पण आईच्या घोरण्याहून कमी. वास गेला, घाण कमी झाली, दादा खुशीत होता. काल स्पंज बदलताना डॉक्टरांनी मला जवळ बोलावून दाखवलं. जखम स्वच्छ आहे पण फिकट, तांबडं मांस धरतच नाही. मशीन पाणी ओढेल, मांस अंगालाच तयार करावं लागतं, म्हणाले. असंच चाललं तर आतले टाकेही सुटतील आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. एवढ्या अशक्तपणात ती ते सोसेल का, असं विचारलं तर त्यांनी पुन्हा तिच्या खाण्याचंच विचारलं.

डाळीने तिचं पोट फुगतं, दूध उलटून पडतं. नवसाचं कळल्यावर डॉक्टरांनी तिच्यापुढे हात जोडले. ती म्हणाली, बोलले ते बोलले. मी चिडून विचारलं, देवी काय तुझ्या जिवावर उठली आहे का? तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मला फार भीती वाटते, मावशी.

तुझा लेक भिकाजी आईला भेटायला आलाय, त्याच्याच हाती पत्र देते. माझा राग मनात ठेवू नकोस.

नमिता

थेरोंडा
१८ नोव्हेंबर

चि. नमितास आशीर्वाद.

काल देवळात गेले. गुरवाला देवीच्या दोन्ही बाजूंना फुलं लावून कौल घ्यायला सांगितलं. देवीला म्हटलं, मथुरेचा नवस मला दे, तिची जखम भरेपर्यंत मासळी मी सोडते. डावीकडचं फूल पडलं. गुरव म्हणाला, देवीची मर्जी नाही, ऊठ. मी उठले नाही. तिला सांगितलं, आम्ही दोघी एका आईच्या, तुला कुणीही चालायला हवं. दुपारपर्यंत बसले. मग उजवं पडलं.

तेव्हा मथुरेचा शब्द मोडलेला नाही, तो आता माझ्याकडे आहे. भिकाजीबरोबर बर्फात घालून बोंबील पाठवते. कालवण कमी तिखट कर. हे पत्र तिला वाचून दाखव. ती रडेल, माझ्या नावाने बोटंही मोडेल. ताट मात्र उचलू देऊ नकोस.

मी जन्मभर मासळीची पाटी घेऊन बसले, एक जेवण तिच्यावाचून गेलं नाही. आज बाजारातून येऊन वरणभात खाल्ला. अजिबात आवडला नाही. मथुरेला म्हणावं, लवकर बरी हो.

मावशी