पिपातले अंजीर

१९ जाने., सोम.
नव्या कंपनीतला दुसरा आठवडा. सॉसच्या लॅबमधून थेट लिकरच्या लॅबमध्ये. फर्नांडिस मॅडमनी आज पहिला धडा पुन्हा म्हणवून घेतला. स्पिरिट, त्यात कशाचा तरी स्वाद, वर साखर. साखर नाही तर लिकर नाही. मऊ फळं स्पिरिटमध्ये मुरत ठेवायची. संत्र्याची साल, मसाले, औषधी पाला हे मुरवून पुन्हा भट्टीवर चढवायचं, म्हणजे पाण्यासारखं स्वच्छ उतरतं. कॉफीच्या पुडीतून स्पिरिट हळूहळू झिरपवायचं, फिल्टर कॉफीसारखं.
सासूबाईंना 'एसेन्सची कंपनी' एवढंच सांगितलंय. संदीपला खरं माहीत आहे. गणपतीपासून त्याने प्यायची सोडली आहे. "मला काही होत नाही, तू बिनधास्त जा," म्हणाला. म्हणताना बघत होता टीव्हीकडे.
कपडे कंपनीतच बदलते. चिखलीला घरी आल्यावर आधी अंघोळ, मग बोलणं.

२१ जाने., बुध.
'क्रेम' लिहिलेल्या बाटलीत मी साय शोधत होते. मॅडम हसल्या. तो शब्द साखर भरपूर असल्याची खूण. खरी साय घातलेलं लिकर वेगळं, ते फाटू नये म्हणून केवढी यातायात. बदाम-अक्रोडाचं वेगळं, कडू मुळ्यांचं वेगळं. मला सगळ्यात आवडलं ते बडीशेपेचं. पाणी घातलं की दुधासारखं गढूळ होतं.
चाखून थुंकायचं असतं. तरी दुपारनंतर नाक मरतं. बसमध्ये शेजारच्या बाईचा गजरा दिसला, वास शून्य. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांचं होतं, सुट्टीत परत येतं.

२२ जाने., गुरु. सुट्टी.
नाक परत आलं. फोडणी, निरमा, सं.च्या डोक्याचं तेल. चहा देताना जरा जास्तच वाकले बहुतेक.
"झाली का तपासणी?"
हसत म्हणाला, पण कप उचलून गॅलरीत गेला. मला माझाच राग आला. आणि बरंही वाटलं, कारण दारूचा वास नव्हता. दोन्ही खरं.

२४ जाने., शनि.
पिपात मुरलेलं पुरंदरच्या अंजिरांचं लिकर गाळलं. रंग काय सुरेख! उरलेला चोथा, म्हणजे जवळजवळ अख्खेच अंजीर, वाफवून त्यातलं स्पिरिट परत काढतात, मग तो खताला जातो. गुलाबाच्या कुंड्यांसाठी डबाभर आणला. वास घेऊन बघितला, काही नव्हता. गच्चीच्या दाराशी ठेवला.

२५ जाने., रवि.
आजचं आजच लिहून ठेवते.
घरी आले तर सासूबाई खुशीत. "आगं, एवढे चांगले अंजीर कुंडीत घालायलीस व्हय? अन्न हाय ते. जरा आंबूस वास यायला, म्हनून गुळाच्या पाकात घोळले. मुरांबा केला."
सं. जेवत होता. ताटात पोळी, वाटीत मुरांबा. मी बोटभर चाखला. वास नाही. पण घशातून खाली ऊब उतरली. ती ऊब मी रोज थुंकून टाकते.
सं.ने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. मग त्याने वाटी पुढे केली.
"आई, अजून आहे का?"
"किती दिसानं आवडीनं खायलंय लेकरू," म्हणत त्यांनी वाढला.
मी उभीच. ओरडायचं होतं. त्या माउलीला काय सांगू, की पोराला काय वाढलंस?

२६ जाने., सोम. सुट्टी.
मॅडमना फोन. बॉयलर बंद होता, त्या दिवशीचा चोथा वाफवलाच नव्हता. "खाल्लं नाही ना कोणी?" नाही म्हटलं.
सं.ला गच्चीवर गाठलं.
"तुला कळलं होतं?"
"पहिल्याच घासाला."
"मग?"
"आईने केला होता गं."
"आणि दुसरी वाटी?"
कुंडीतली माती उकरत बसला. भयंकर भीती वाटली. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

२७ जाने., मंगळ.
बरणी ओतून टाकायला घेतली तर रिकामी. सासूबाई म्हणाल्या, "संदीपनं सकाळी डब्यात नेला की. मैतरांना देतो म्हनला."
संध्याकाळी विचारलं. म्हणे, कंपनीच्या गेटबाहेर टाकला. डबा घासून आणलेला. एरवी डबा कधी घासतो हा?
विश्वास ठेवावा असं फार वाटतंय.

२८ जाने., बुध.
पहिली शिफ्ट सुटून कधीच यायला हवा होता. आला आठला. तळवड्याला ट्रॅफिक, म्हणे. चप्पल न काढता सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.
"घे वास."
"सं., राहू दे."
"घे म्हणतो ना. रोज चोरून घेतेस, आज समोर घे."
घेतला. त्याचा श्वास गालाला लागत होता, आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. दिवसभर कॉफीचं लिकर चाखलेलं नाक. लोक मला पगार देतात त्या नाकाचा! सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या होत्या, त्यांना वाटलं आमचं काही लाडीगोडीचं चाललंय, त्या आत वळल्या.
"कळलं?"
"नाही."
"मग उद्या गुरुवार आहे," सं. म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी चालतं ना तुझं."
मला रडू आलं. त्याने पाणी आणून दिलं.

२९ जाने., गुरु.
उठले तीच मोहरीच्या वासाने. नंतर कढीपत्ता, मग ओला टॉवेल. सगळं लख्ख येतंय. आदल्या दिवशी प्यायलेली सकाळी जास्त कळते, हे मला जुन्या दिवसांपासून माहीत आहे.
तो गॅलरीत बसलाय. दोन कप, बशा झाकण म्हणून. शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढून ठेवलीय, अगदी चिकटून. वळून बघत नाही.
सासूबाई आतून दोनदा म्हणाल्या, "चहा निवायलाय गं."
आले म्हटलं. अजून इथेच बसून लिहितेय.