उलटा हत्ती

३ मार्च

हरले नाही. तेच तर दुखणं! बरोबरी. जिंकले असते तर बँकेच्या बुद्धिबळ संघात जागा, म्हणजे कायमची नोकरी. आता उद्यापासून परत चपलांच्या दुकानात, लोकांच्या पायाशी.

लिहूनच काढते, नाहीतर डोकं फुटेल. समोर चष्मेवाला, त्याचा एकटा राजा. माझा राजा आणि एक प्यादं. वेळ दोघांचीही संपत आलेली. प्यादं शेवटच्या घरात पोचलं — झाला वजीर! पण माझा मारलेला वजीर त्याच्या मुठीत, चाळा म्हणून फिरवतोय. मी हाताला लागला तो हत्ती उलटा ठेवला नि घड्याळ दाबलं. घरी आयुष्यभर असंच खेळलो. संचात वजीर एकच, दुसरा लागला की उलटा हत्ती. बाबांनीच शिकवलं.

चष्म्यानं हात वर केला. पंच आले. "उलटा असो की सुलटा, हत्ती तो हत्तीच. खेळा पुढे." चष्म्यानं राजा एक घर सरकवला. माझे चाळीस सेकंद उरले होते. हाताची घडी घालून पंचांकडे बघत बसले. नाही खेळत, जा! वेळ संपली. त्याच्याकडे मात द्यायला मोहराच नाही, म्हणून बरोबरी.

४ मार्च

बाबांना सगळं सांगितलं. वर म्हटलं, तुमच्या अडाणी सवयीपायी माझं वाटोळं झालं. आई ओरडली, "जिभेला काही हाड आहे का गं?" बाबांनी डाव लिहिलेला कागद मागितला. अंगावर फेकला त्यांच्या!

९ मार्च

एका बाईंना अकरा जोड दाखवले. "नंतर येते," म्हणाल्या. बँकेत चष्मेवाल्याला घेतलं म्हणे. घ्या!

१५ मार्च

बाबांनी नवा संच आणलाय, दोन-दोन वजिरांचा. आता? वरातीमागून घोडं! मी खोकं उघडलंही नाही.

२ एप्रिल

अजून बोलत नाही त्यांच्याशी. ते जेवायला बसले की मी उठते. आई म्हणते, "किती दिवस डूख धरणार?" धरणार! परत पटाला हात लावणार नाही म्हटलं, तर बाबांचा चेहरा एवढासा झाला. होऊ दे.

२० एप्रिल

बाबांचा शर्ट धुवायला घेतला. खिशात तो कागद. मागे पेन्सिलीनं पट काढलेला — प्यादं शेवटच्या घरात जायच्या आधीची स्थिती. राहवेना. नवा संच उघडला, मांडलं.

प्यादं पुढे सरकवून वजीर ठेवला. त्याच्या राजाला शह नाही, पण हलायला एक घरही नाही. म्हणजे बरोबरीच! वजीर मिळाला असता तरी!

मग हत्ती ठेवला. राजाला एकच घर, तिथेच तर सरकवला होता त्यानं. हत्ती दोन घरं कडेला — मात.

चाळीस सेकंद ती चाल माझ्यासमोर होती. मी पंचांचं तोंड बघत बसले. मूर्ख! मूर्ख!

२१ एप्रिल

पटाच्या कोपऱ्यात बाबांच्या अक्षरात तारीख आहे. ४ मार्च. आईला विचारलं. तिला ठाऊक होतं. "मला दम भरला होता, सांगायचं नाही म्हणून. म्हणाले, माझ्यावर चिडू दे, स्वतःवर चिडली तर खेळ कायमचा सोडेल."

बाबा सहाला येतात. साडेपाच झाले. पट मांडून बसलेय.